नसबंदीनंतर कुत्र्याची घरी काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन डॉक्टर तासाभरात उरकतात. पुढचे दहा ते चौदा दिवस घरच्यांचे असतात आणि त्या दिवसांत टाका बिघडतो तो बहुतेक वेळा दोनच गोष्टींनी: जिभेने आणि उडीने. ओळखीच्यांकडून, सोसायटीतल्या लोकांकडून मला जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. तुमच्या डॉक्टरांनी एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर त्यांचंच ऐका. तुमच्या कुत्र्याचं ऑपरेशन त्यांनी केलंय.

नर आणि मादी, दोघांची काळजी सारखीच घ्यायची का?

मादीचं ऑपरेशन मोठं. पोट उघडून अंडाशय आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. बाहेरून जखम दोन-तीन बोटांची दिसते, पण त्याखाली स्नायूंच्या थरालाही टाके असतात आणि आत रक्तवाहिन्या बांधलेल्या असतात. कुत्री उड्या मारायला लागली की ताण त्या आतल्या टाक्यांवर येतो. नराचे वृषण छोट्या छेदातून काढतात, पोट उघडत नाहीत. एखाद्या नराचं वृषण खाली उतरलेलंच नसेल आणि ते पोटातून काढावं लागलं असेल, तर त्याला मादीइतकंच जपायचं.

आता उलटी बाजू. नर दुसऱ्याच दिवशी ठणठणीत असल्यासारखा वागतो, म्हणून त्याला घरात बसवणं जास्त कठीण जातं.

घरी आणल्यापासून नुसता पडून आहे. हाक मारली तर डोळे किलकिले करतो आणि परत झोपतो. घाबरायचं का?

पहिल्या रात्री हे चालतं. भुलीचा अंमल उतरायला वेळ लागतो. चालताना झोकांड्या जातात, थोडं कण्हणं-कुरकुरणं असतं, अंग थरथरतं. श्वासनलिकेत नळी घातलेली असेल तर एक-दोन दिवस खोकल्यासारखी ढासही येते.

त्याला जमिनीवरच झोपवा. पलंगावर, सोफ्यावर नको. गुंगीत खाली पडला तर टाक्याला हिसका बसतो. हल्लीच्या गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात, म्हणून सतरंजी किंवा जुनी गोधडी अंथरा. दाराशी किंवा जिन्याजवळ जागा करू नका. थरथरत असेल तर चादर पांघरा, पण गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका. गुंगीत त्याला चटका कळत नाही आणि कातडी भाजते.

लहान मुलांना आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्या-मांजरांना त्या रात्री लांब ठेवा. एरवी कधी दात न लावणारा कुत्राही भुलीच्या गोंधळात चावू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो उठायला हवा, ओळख दाखवायला हवी. चोवीस तासांनंतरही तसाच पडून असेल तर फोन करा.

खायला कधी आणि काय द्यायचं?

आधी पाणी, तेही थोडं थोडं. वाटीभर एकदम प्यायला दिलं की उलटी होते. पाणी पोटात राहिलं आणि कुत्रा नीट शुद्धीवर असला की संध्याकाळी नेहमीच्या निम्मं जेवण. मऊ भात आणि उकडलेलं चिकन, दही-भात, भाताची पेज, काहीही हलकं चालेल. फोडणी, मीठ-मसाला, कांदा-लसूण नको. कांदा-लसूण कुत्र्यांना एरवीही देऊ नयेत, त्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ताकद यावी म्हणून वाटीभर दूध पाजायची आपल्याकडे फार सवय आहे. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब झाले तर त्याचे हाल वाढतात.

पहिल्या रात्री एखादी उलटी झाली तर चालेल. सारख्या होऊ लागल्या, किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अन्नाला तोंडच लावलं नाही, तर डॉक्टरांना कळवा.

शी-शू?

शू चोवीस तासांत व्हायलाच हवी. सलाइन लावलेलं असेल तर पहिल्या दिवशी जरा जास्तच होते, कधी झोपेतही. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी हरकत नाही, कारण ऑपरेशनआधी त्याला उपाशीच ठेवलेलं असतं.

गळ्यातला तो प्लास्टिकचा कोन बघवत नाही हो. भिंतींना धडकतो, रडतो. थोडा वेळ काढला तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि माझं उत्तर दर वेळी तेच असतं: समोर बसून लक्ष ठेवणार असाल तरच काढा.

कुत्र्याच्या जिभेत औषध असतं, चाटून जखम बरी होते, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. खरं तर जिभेवर जंतू असतात, खरखरीत घासण्याने जखमेच्या कडा सुटतात, आणि चाटता चाटता एखाद्या टाक्याचं टोक दातात आलं की कुत्रा ते ओढतो. दहा मिनिटांत सगळे टाके उपसले जाऊ शकतात. तुम्ही आंघोळीला जाऊन येईपर्यंत एवढं होतं. सगळ्यात मोठा धोका रात्री असतो, कारण आपण झोपलेलो असतो आणि त्याला खाज सुटलेली असते. जखम भरताना ती सुटतेच, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. नेमकं तेव्हाच घरच्यांना वाटतं की आता बराच बरा झालाय, काढूया कोन.

कोन नाकाच्या टोकापेक्षा दोन-तीन बोटं पुढे यायला हवा. आखूड कोन घालून कुत्रा सहज पोटापर्यंत पोचतो. गळ्याशी दोन बोटं जातील इतका सैल असू द्या. जेवणाचं भांडं पाटावर किंवा विटेवर ठेवा, म्हणजे कड जमिनीला अडत नाही. तरीही जेवत नसेल तर जेवणापुरता काढा, समोर बसा आणि खाणं झालं की लगेच घाला. पहिला दिवस तो नाराज असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेक कुत्रे त्याला सरावतात.

कोनाऐवजी टीशर्ट चालतो का?

मादीला चांगला चालतो. घरातल्या लहान मुलाचा जुना सुती टीशर्ट घ्या आणि पुढचे दोन पाय बाह्यांतून काढा. छापील पुढची बाजू पाठीवर येऊ द्या, कारण कुत्र्याची छाती खाली असते आणि गळ्याचा खोल भाग वर आला की मान आवळत नाही. उरलेला घेर कमरेवर गोळा करून रबर बँडने नाही, तर कापडाचीच सैल गाठ मारून बांधा. शू करायला नेताना गाठ सोडून कापड वर सरकवायचं, आल्यावर परत खाली. कापड ओलं झालं की त्याच क्षणी बदलायचं. ओल्या कापडाखाली जखम दिवसभर भिजत राहिली तर कोन न घातल्याइतकंच नुकसान. म्हणून दोन-तीन टीशर्ट हाताशी ठेवा.

कापडावरूनही चाटणारे चिवट जीव असतात. त्यांना कोनच. नरांना टीशर्टचा फारसा उपयोग नाही, जखम फार मागे असते.

जखम रोज कशी बघायची? नीट भरतेय हे कसं ओळखू?

सकाळी खिडकीपाशी, चांगल्या उजेडात, कुत्र्याला कुशीवर झोपवून. रोज त्याच जागी, तेवढ्याच अंतरावरून मोबाइलने फोटो काढा. सूज कालच्यापेक्षा वाढली की कमी झाली, हे नुसत्या आठवणीवर सांगता येत नाही. दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं. फोनवर डॉक्टरांना सांगण्यापेक्षा तेच फोटो पाठवले तर त्यांनाही सोपं जातं.

कडा एकमेकींना चिकटलेल्या, जरा गुलाबी, किंचित फुगीर, पहिल्या दिवशी एखाद-दुसरा लालसर थेंब, आजूबाजूला थोडं काळंनिळं: हे सगळं ठीक. टाक्यांच्या रेषेखाली बोटाला दोरीसारखा कडक भाग लागतो, तो आतल्या विरघळणाऱ्या टाक्यांचा असतो आणि काही आठवड्यांनी जातो. मादीच्या मूत्रमार्गाच्या बाजूने एक-दोन दिवस गुलाबी डाग दिसले तरी चालतात.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाक्याखाली मऊ, पाणी भरल्यासारखा फुगा आला तर तो बहुधा जास्त हालचालीचा परिणाम असतो. दुखत नसेल आणि लाल नसेल तर डॉक्टर सहसा विश्रांतीच सांगतात. पण बघायचं त्यांनीच. सुई टोचून पाणी काढायचा प्रयत्न घरी कोणी करू नये, आत जंतू जातात. आणि फुगा दाबल्यावर आत सरकतोय असं वाटलं तर स्नायूचा टाका सुटून पोटातलं काही खाली आलेलं असू शकतं. मग त्याच दिवशी दाखवा.

पू, वास, पिवळट-हिरवट स्राव, कडा उघडलेल्या, जखम हाताला गरम, रक्त ठिबकणं थांबत नाही: यांतलं काहीही दिसलं की उद्याची वाट बघू नका.

जखमेवर काय लावू? हळद?

काहीही नाही. कोरडी, स्वच्छ आणि मोकळी ठेवा.

आपल्या हाताला कुठेही कापलं तर आपण हळदीचा डबा उघडतो, म्हणून हा प्रश्न येणारच. पण शिवलेल्या जखमेवर हळद, खोबरेल, राख, कोरफड यातलं काहीही लावलं की एक तर ती ओली राहते, दुसरं म्हणजे तिच्यावर थर बसून आतली लाली दिसत नाही, आणि तिसरं, कुत्र्याला ते चाटायचा आणखी मोह होतो. डेटॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने भरत आलेल्या पेशीच मरतात. डॉक्टरांनी बीटाडिन किंवा एखादा स्प्रे लिहून दिला असेल तर तेवढंच, त्यांनी सांगितलं तितक्या वेळा.

पावसाळ्यात ऑपरेशन केलंय आणि आमचा कुत्रा अंगणात राहतो. चालेल ना?

हे दहा-बारा दिवस तरी त्याला घरात घ्या. पडवी, बंद ओसरी, स्वयंपाकघराचा कोपरा, काहीही चालेल. पावसाळ्यात माश्या ओल्या जखमेवर अंडी घालतात आणि दिवसभरातच अळ्या होऊ शकतात. उघड्यावर राहणाऱ्या कुत्र्यांच्या जखमांचं हेच सगळ्यात भयंकर होतं. जखमेला कुबट वास, सतत ओलसरपणा, कुत्रा पुन्हा पुन्हा मागे वळून तिथेच बघतोय, अशी लक्षणं दिसली की थेट दवाखाना. फिनाइल, रॉकेल, पेट्रोल ओतून अळ्या मारायचे प्रकार गावोगाव चालतात. ती जखम पोटाची आहे, तिथे हे ओतणं म्हणजे जीवाशी खेळ.

फिरायला पावसाची उघडीप बघून न्या. पोट भिजलंच तर स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका. अंथरूण रोज बदला. आंघोळ टाके काढल्यावर डॉक्टरांना विचारूनच, म्हणजे किमान दोन आठवडे नाहीच.

वेदना होत असतील तर माणसांची क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम दिली तर?

देऊ नका. अर्धीसुद्धा नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडून रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. पॅरासिटामोलने यकृताला इजा होते. मेडिकलवाल्याने वजनाचा हिशोब करून दिली तरी नाही.

डॉक्टर सहसा मेलोक्सिकॅमसारखं कुत्र्यांसाठीचं औषध काही दिवसांसाठी लिहून देतात. ते जेवणानंतर द्या, ठरलेल्या वेळी द्या. कुत्रा रडत नाही म्हणून आपण होऊन बंद करू नका. वेदना लपवणं हा त्यांचा स्वभाव आहे: पाठ कमानीसारखी करून उभं राहणं, बसू की उभा राहू असं करत राहणं, विनाकारण धापा टाकणं, पोटाजवळ हात नेला की मान वळवून बघणं, हे त्याचं दुखतंय म्हणून सांगणं असतं. औषध सुरू असताना उलट्या झाल्या किंवा शी डांबरासारखी काळी झाली तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा.

गोळी पनीरच्या तुकड्यात किंवा उकडलेल्या बटाट्यात घालून द्या. मग मिनिटभर थांबा. बटाटा खाऊन गोळी सोफ्याखाली टाकणारे हुशार कुत्रे पुष्कळ आहेत.

किती दिवस फिरवायचं नाही? घरात वेडा होतोय.

शी-शूपुरतं, साखळी लावून, दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं. धावणं, जिने, गाडीत उडी मारणं, दुसऱ्या कुत्र्याशी कुस्ती, सगळं दोन आठवडे बंद. लिफ्ट नसलेल्या इमारतीत मोठ्या कुत्र्याला उचलायचं झालं तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांच्या मागून. पोटाखाली हात घालून उचलू नका. जड असेल तर दोघांनी जाड चादरीची झोळी करा.

कंटाळ्यावर डोक्याला काम देणं हा उपाय आहे. जुन्या टॉवेलच्या घड्यांत त्याच्या जेवणाचे दाणे लपवून द्या, हुंगून शोधण्यात अर्धा तास जातो. गाजर चघळायला द्या. पायाशी साखळी धरून बसा आणि तुमचं काम करा. तुम्ही शेजारी आहात एवढ्यानेही बरेच कुत्रे शांत पडून राहतात. कोन घातलेल्या कुत्र्याला बांधून एकटं सोडून मात्र जाऊ नका, साखळी अडकून गळ्याला फास बसू शकतो.

रात्री-अपरात्रीही डॉक्टरकडे पळायलाच हवं, असं कधी समजायचं?

हिरडी बघायला आत्ताच शिका, कुत्रा निरोगी असताना. ओठ वर करून गुलाबी हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन दिवसांत हिरड्या पांढुरक्या पडल्या, कुत्रा उभा राहीना, पोट फुगत चाललं, श्वास जलद आणि उथळ झाला, तर आत रक्तस्राव होत असल्याची शंका घ्यायची आणि वाटेतूनच फोन करत निघायचं. टाके उघडून आतलं काही बाहेर आलं तर ते आत ढकलू नका. सलाइनमध्ये किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने झाकून, कुत्र्याला चाटू न देता न्या.

ताप बघायचा तर थर्मामीटरनेच. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हाताला तो गरमच लागतो. १०३ च्या वर गेलं तर कळवा.

जवळचा रात्रीचा दवाखाना कोणता, हे ऑपरेशनच्या आधीच शोधून ठेवा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं. परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांच्या वेळाही आधीच विचारून ठेवाव्यात.

मागे गोचीड ताप झाला होता. काही वेगळं बघायचं का?

हो. त्या तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात. म्हणून ऑपरेशनआधी रक्ततपासणीचा आग्रह धरा. तिचा खर्च वाचवू नका. नंतर पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त दिसलं तर लगेच दाखवा. गोचिडांची पावडर जखमेच्या आसपास टाकू नका.

नराचं ऑपरेशन झालं, पण पिशवी तशीच भरलेली दिसते. काढलंय ना नक्की?

काढलंय. रिकाम्या पिशवीला काही दिवस सूज असते, मग ती आकसते. मात्र ती दिवसागणिक मोठी, टणक, जांभळी होत असेल तर आत रक्त साठलेलं असू शकतं, दाखवा.

आणखी एक, जे बरेच जण विसरतात: ऑपरेशननंतरही महिनाभर त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. माजावर आलेल्या कुत्रीपासून त्याला चार ते सहा आठवडे लांब ठेवा.

मादीचं ऑपरेशन झालं तरी गल्लीतले नर दाराशी येतात. आणि आचळांत दूध आल्यासारखं वाटतं.

माजावर असताना किंवा त्यानंतर लगेच ऑपरेशन झालं असेल तर वास काही दिवस राहतो. गर्भ राहणार नाही, पण या काळात नर चढला तर आतल्या ताज्या टाक्यांना गंभीर इजा होते. दोन आठवडे तिला एकटीला बाहेर सोडू नका. आचळं भरणं संप्रेरकांच्या बदलामुळे होतं आणि बहुधा आपोआप ओसरतं. ती पिळू नका, शेकू नका. जितकं चोळाल तितकं दूध येत राहतं.

आता ती लठ्ठ होणार, रखवाली सोडणार, असं सगळे म्हणतात.

लठ्ठपणाचं निम्मं खरं आहे. नसबंदीनंतर शरीराला अन्न साधारण पाव हिस्सा कमी लागतं आणि भूक मात्र वाढते. जखम भरेपर्यंत जेवण तोडू नका. महिन्याभराने हळूहळू कमी करा आणि आधी दिवसभराची ग्लुकोजची बिस्किटं बंद करा. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला लागायला हव्यात.

रखवालीचं खरं नाही. अनोळखी माणसावर भुंकणं त्या अवयवांवर अवलंबून नसतं. एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, याला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या मादीत स्तनांच्या गाठींचं प्रमाण बरंच कमी आढळतं, आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो. काही मोठ्या जातींच्या माद्यांत पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो, त्यावर औषध मिळतं.

गल्लीतल्या कुत्रीला महापालिकेने नेऊन सोडलं. तिला कोन नाही, काही नाही. आम्ही काय करू शकतो?

बरंच काही. कानाला इंग्रजी व्ही आकाराची खाच असेल तर तिची नसबंदी झाली आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार तिला जिथून नेलं तिथेच सोडायचं असतं. शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातल्या कुत्र्यांबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला. अशा कार्यक्रमांत बऱ्याचदा पोटाऐवजी कुशीवर छोटा छेद घेतात आणि विरघळणारे टाके घालतात. त्यामुळे जखम लांबून उभ्या कुत्रीचीही दिसते.

रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जेवण द्या, म्हणजे ती समोर येते आणि तुम्हाला फोटो घेता येतो. पकडून पट्टी बांधायला जाऊ नका, धावपळीत टाके सुटतील. कोरडा आडोसा करून द्या, जिन्याखालचं एक पोतंही पुरतं. जखम उघडलेली दिसली तर ज्या केंद्राने ऑपरेशन केलं त्यांनाच कळवा, तिला नेणाऱ्या गाडीचा दिवस आणि जागा सांगा.

टाके बाहेर दिसतच नाहीत. मग दाखवायला जायचं का?

जायचं. त्वचेखालचे टाके काढावे लागत नाहीत, पण दहाव्या ते चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी हात लावून बघितल्याशिवाय कोन उतरवायचा नाही.

ऑपरेशनला चारच दिवस झालेत आणि गणपतीला गावी जायचंय. नेऊ का?

नका नेऊ. मुंबईहून कोकणात जायचं तर खड्ड्यांतून आठ-दहा तास, घरात पाहुणे, मुलं, ढोल-ताशे, फटाके, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी हातावर मोदकाचा तुकडा ठेवतंय. घाबरलेला कुत्रा कोनासकट पळत सुटतो. घरचं एक माणूस मागे राहू शकत असेल तर उत्तम. नाहीतर जिथे ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यात ठेवून घेतात का विचारा. आणि तारीख अजून ठरली नसेल तर ती विसर्जनानंतरची घ्या; मात्र भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा हंगाम, म्हणून तोवर मादीला दाराबाहेर एकटं सोडू नका, आणि ती माजावर आलीच तर डॉक्टरांना सांगून तारीख दोन-तीन महिने पुढे ढकला.